श्वास 18: एका चार्टचं प्रकरण

अकरा खाटा, अकरा पेशंट, आणि सकाळी 6 च्या रकान्यात अकराही जणांचा श्वास मिनिटाला 18. नाडी, ताप, रक्तदाब कमीजास्त होते, कारण ते यंत्रावर दिसतात आणि उतरवून घेता येतात. श्वास मात्र खाटेपाशी उभं राहून, छातीची हालचाल बघत, घड्याळाकडे लक्ष ठेवून मोजावा लागतो. ज्या रात्री हाताला उसंत नसते त्या रात्री तो मोजला जात नाही, नुसता लिहिला जातो.

हे प्रकरण मी आमच्या ख्रिस्ती परिचारिकांच्या प्रार्थना गटात चर्चेसाठी लिहून काढलं होतं. जिची ही गोष्ट आहे तिच्या संमतीने आता सविस्तर मांडते आहे. माणसं ओळखू येतील असं सगळं गाळलंय. तिला मी इथे धाकटी म्हणेन, आणि जिच्या रात्रपाळीचा हा चार्ट होता तिला थोरली.

काय घडलं

दोघी एकाच वॉर्डात, आणि रविवारी उपासनेलाही एकाच मंडळीत. धाकटी नवी आली तेव्हा थोरलीनेच तिला हाताला धरून काम शिकवलं. शीर सापडत नसलेल्या म्हाताऱ्या हाताला सुई कशी लावायची, मरणाच्या दारातल्या माणसाच्या नातेवाइकांशी कुठल्या आवाजात बोलायचं, हे सगळं तिच्याकडून. हे आधी सांगते, कारण चुकणारी व्यक्ती आपल्याला नावडती असली की सत्य बोलणं फार सोपं जातं. इथे तसं नव्हतं.

त्या सकाळी साडेसातला धाकटीने चार्ज घेतला. 7 नंबरच्या खाटेवरचे आजोबा न्यूमोनियातून बरे होत होते. ते उशीला टेकून बसले होते, बोलताना दोन शब्दांनंतर थांबत होते, आणि गळ्याच्या खालची खोबण प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन तसा बरा दिसत होता. तिने घड्याळ बघून पूर्ण मिनिट मोजलं. 28. खात्री वाटेना म्हणून पुन्हा मोजलं. पुन्हा 28.

मोठ्या माणसाचा श्वास स्वस्थ असताना मिनिटाला साधारण 12 ते 20 असतो. प्रकृती बिघडायला लागली की बहुतेक वेळा सगळ्यात आधी हाच आकडा हलतो. शरीर जोरजोरात श्वास घेऊन कमतरता भरून काढत असतं, म्हणून बाकीचे आकडे काही काळ चांगले दिसत राहतात. सगळ्यात आधी इशारा देणारी ही खूण, आणि चार्टवर सगळ्यात जास्त अंदाजाने भरली जाणारीही हीच. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही हे माहीत आहे.

तिने लगेच डॉक्टरांना बोलावलं. ऑक्सिजन लागला, एक्स-रे झाला, साडेआठपर्यंत आजोबा अतिदक्षता विभागात गेले. पुढे ते बरे होऊन घरी गेले. इथपर्यंत सगळं नीट पार पडलं.

9 वाजता इन्चार्ज सिस्टरने तिला बाजूला घेतलं. अतिदक्षता विभागात हलवलेल्या पेशंटची फाईल वरून तपासली जाते. सकाळी 6 ला 18 आणि 7:40 ला 28, हे डोळ्यांवर येणार होतं.

"नवीन पान घे," त्या म्हणाल्या. "2 वाजताचा 20, 6 वाजताचा 24, मग तुझा 28. हळूहळू चढत गेला असं दिसेल. यात कुणाचं काही बिघडत नाही."

"आणि सही, मॅडम?"

"ती संध्याकाळी आली की करेल सही. तू फक्त पान लिहून ठेव."

त्या वाईट बाई नाहीत. रात्री 3 ते 5 दुसऱ्या बाजूचा एक पेशंट अत्यवस्थ झाला होता आणि 22 खाटांना दोनच सिस्टर होत्या. थोरली दोन तास त्या पेशंटच्या छातीशी झुंजत होती. तो वाचला. मग साडेपाचला ती चार्ट भरायला बसली आणि तिने 18 लिहीत लिहीत पान संपवलं. तिला वाचवावं असं इन्चार्जना वाटणं मला कळतं.

तो दीड तास

9 ते साडेदहा. धाकटीने इतर औषधं दिली, एका पेशंटचं ड्रेसिंग केलं, आणि कोरं पान ट्रेखाली सरकवून ठेवलं. मध्ये तिने मला फोन केला. मी या कामात 23 वर्षं काढली आहेत आणि गटात सगळ्या मला मावशी म्हणतात.

मी तिला काय सांगितलं ते लिहिणं मला जड जातंय, पण ते गाळलं तर हे प्रकरण अर्धं राहील. मी म्हटलं, "घाई करू नकोस. प्रार्थना कर. आजोबा सुखरूप आहेत ना? मग उद्या शांतपणे बघू."

ती म्हणाली, "मावशी, पान आत्ता मागतायत."

माझं उत्तर भक्तीचं वाटत होतं, पण ते भीतीचं होतं. प्रार्थनेचा मी टाळाटाळीसाठी वापर केला. पुढे बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचताना मला ते टोचलं. नहेम्या राजाचा सेवक. राजा विचारतो, तुझी मागणी काय? नहेम्या भीतीने गळून गेलेला असतो. तो स्वर्गीच्या देवाची प्रार्थना करतो आणि राजाला उत्तर देतो. दोन्ही जवळपास एकाच दमात. त्या आधी यहुदी पंचांगातल्या किसलेव महिन्यापासून नीसानपर्यंत, म्हणजे साधारण चार महिने, तो उपास करून प्रार्थना करत होता. लांब प्रार्थना आधी झाली होती, म्हणून त्या क्षणी श्वासभर प्रार्थना पुरली. धाकटी रोज पहाटे शास्त्रपाठ करणारी मुलगी आहे. तिची चार महिन्यांची प्रार्थना होऊन गेलेली होती, आणि मी तिला पुन्हा पहिल्या दिवसावर पाठवत होते.

साडेदहाला ती इन्चार्जकडे गेली. तिचं वाक्य तिने मला जसंच्या तसं सांगितलं: "मॅडम, मी स्वतः मोजलेलंच लिहीन. 6 वाजताचा श्वास मी बघितलेला नाही."

"म्हणजे आम्ही खोटं बोलतोय म्हणतेस?"

"नाही मॅडम. मी माझ्या सहीपुरतं बोलतेय."

हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. तिने वचन फेकून मारलं नाही, "मी ख्रिस्ती आहे म्हणून" असंही म्हणाली नाही. होय तर होय, नाही तर नाही, एवढंच बोलणं असावं असं प्रभू येशूने डोंगरावरच्या उपदेशात शिकवलं, आणि तिचं बोलणं तेवढंच होतं. आपल्यातल्या कित्येकांना अशा वेळी साक्ष देण्याची घाई होते, आणि समोरच्याला खाली दाखवल्याशिवाय ती साक्ष पुरी होत नाही.

फोन आणि रिपोर्ट

रिपोर्ट लिहिण्याआधी तिने थोरलीला घरी फोन केला. रात्रपाळी करून झोपलेल्या बाईला उठवणं तिला अवघड वाटलं, तरी केला.

"ताई, मी रिपोर्ट लिहिणार आहे. दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून फोन केलाय."

बराच वेळ काही आवाज आला नाही. मग थोरली म्हणाली, "तुझ्यावर अजून घराचा भार नाही गं. तुला धैर्य परवडतं."

यावर धाकटीला उत्तर सुचलं नाही. मलाही आजतागायत सुचलेलं नाही. त्यात तथ्य आहे. प्रत्येकाला सारखीच किंमत मोजावी लागत नाही, आणि ज्याला कमी मोजावी लागते त्याने ते विसरू नये.

गटात या फोनवर बरीच चर्चा झाली. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभू म्हणतो की भावाने अपराध केला तर आधी दोघं एकांतात असताना त्याला दाखवून दे. मग फोनवरच मिटवायला नको होतं का? माझं मत असं की नको. तो उपदेश तुझ्या-माझ्यातल्या अपराधाबद्दल आहे. इथे मध्ये 7 नंबरची खाट होती. चार्टवरचा आकडा त्या आजोबांच्या मालकीचा होता. दोन सिस्टरांनी आपसात समजून घेऊन तो मिटवता आला नसता. फोन करणं हे प्रेम होतं, परवानगी मागणं नव्हे. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र लोकांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून मागे सरला तेव्हा प्रेषित पौल त्याला सर्वांसमोर बोलला, कारण चूक सर्वांसमोर झाली होती आणि तिच्यामुळे इतरही वाहवत गेले होते. कुठली गोष्ट एकांताची आणि कुठली उघड्यावरची, हे त्या गोष्टीने कुणाला इजा होते त्यावरून ठरतं. परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 1953 मध्ये स्वीकारलेली आणि पुढे वेळोवेळी सुधारलेली आचारसंहिताही हेच सांगते, की सहकाऱ्याच्या हातून पेशंटला धोका होत असेल तर परिचारिकेने पेशंटच्या बाजूने पाऊल उचलावं.

आता रिपोर्टबद्दल. तिने चार गोष्टी लिहिल्या. 7:40 ला 28 मोजला. 6 च्या रकान्यात अकराही ठिकाणी 18 आहे. त्या रात्री 22 खाटांना दोन सिस्टर होत्या आणि 3 ते 5 दोघीही एका अत्यवस्थ पेशंटपाशी अडकल्या होत्या. आणि चौथी गोष्ट: "मागच्या महिन्यात दोन रात्री मी स्वतः काही पेशंटचे श्वास न मोजता लिहिले आहेत." खाली तारखा.

ही चौथी ओळ तिला कुणी मागितली नव्हती. ती नसती तरी रिपोर्ट खरा ठरला असता, पण माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणाचा जीव त्याच ओळीत आहे. तिने सांगितलं की थोरलीबद्दल लिहिताना पेन अडलं नाही, इथे मात्र दहा मिनिटं अडून राहिलं. गलतीकरांस पत्रात पौल सांगतो की अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा, आणि त्याच वाक्यात जोडतो की स्वतःकडेही लक्ष ठेवा. आपण पहिला भाग पाठ करतो.

इथे मला फ्लॉरेन्स नाइटिंगेल आठवते. 1837 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावलं असं तिला जाणवलं. 1854 मध्ये ती क्रिमियाच्या युद्धातल्या जखमींसाठी स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली. दिवा घेतलेली बाई म्हणून तिचं चित्र सगळीकडे असतं, पण 1858 मध्ये तिने छापलेली मृत्यूंची आकृती मला त्याहून मोठी वाटते. सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी कितीतरी जास्त मेले, हे तिने रंगीत पाकळ्यांतून सरकारसमोर ठेवलं. त्या आकड्यांत ती स्वतः जिथे राबली त्या स्कुटारीतले मृत्यूही होते. ते लपवले असते तर तिची कीर्ती आणखी निष्कलंक राहिली असती. तिने ते मोजले, लिहिले आणि दाखवले.

जिथे मला धाकटीचं चुकलं असं वाटतं

6 चा आकडा अंदाजाचा असावा, हे पान बघताच तिच्या लक्षात आलं होतं. डॉक्टरांना तिने ते साडेदहाला, इन्चार्जशी बोलून झाल्यावर सांगितलं. तोवर डॉक्टर चार्टवर विश्वास ठेवून चालले होते. दीड-दोन तासांत 18 वरून 28 म्हणजे अचानक बिघाड, आणि अचानक बिघाड म्हणजे फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली असेल का, या दिशेने त्यांचा विचार सुरू झाला होता. खरं तर आजोबांचा श्वास बहुधा रात्रभर हळूहळू चढत गेला होता, आणि जुना न्यूमोनियाच उलटला होता. इलाजाला उशीर झाला नाही, कारण पहिले उपचार दोन्हींत सारखेच होते. पण होऊ शकला असता. तिने "हा आकडा धरून चालू नका" एवढं आठ वाजताच कानात सांगायला हवं होतं. ती म्हणते, "तेव्हा ताईंचा चेहरा समोर आला." मी तिला दोष देत नाही. पेत्राने येशूला ओळखत नाही असं म्हटलं ते राजासमोर नव्हे; थंडीत कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा असताना एका दासीने विचारलं आणि तो नाही म्हणाला. आपलं धैर्य सहसा दानीएलासारखं सिंहांच्या गुहेत टाकल्यावर खचत नाही. ओळखीच्या चेहऱ्यांमध्ये, उबेपाशी ते गळतं.

गटात एकीने शिफ्रा आणि पुवा यांचा दाखला काढला. निर्गमाच्या पहिल्या अध्यायातल्या या इब्री सुइणी. इब्री मुलगे मारा हा मिसरच्या राजाचा, फारोचा, हुकूम त्यांनी मानला नाही, आणि जाब विचारल्यावर सांगितलं की इब्री स्त्रिया जोमदार असतात, आम्ही पोहोचण्याआधीच बाळंत होतात. देवाने त्यांचं भलं केलं. मग थोरलीला वाचवण्यासाठी एक पान बदललं तर काय झालं?

प्रश्न चांगला होता आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. त्या सुइणी ज्यांचा जीव जाणार होता त्या बाळांच्या आणि मारणाऱ्याच्या मध्ये उभ्या राहिल्या, तेही स्वतःचा जीव पणाला लावून. बदललेलं पान मात्र सशक्तांना अशक्तापासून वाचवणार होतं: आम्हाला, धाप लागलेल्या म्हाताऱ्यापासून. आपण कुणाच्या बाजूने बोलतोय हे पाहिलं की दाखला आपोआप उलटा फिरतो. बायबलच्या लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्याच्या जिवावर बेतलं असता स्वस्थ राहू नको असं आहे, मग भावाचा मनात द्वेष करू नको, त्याला स्पष्ट बोल असं आहे, आणि लगेच पुढे शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. स्पष्ट बोलणं या दोन प्रीतींच्या मधोमध ठेवलंय. तिथून उचलून ते एकटं वापरलं की त्याचं शस्त्र होतं.

पुढे

थोरलीला लेखी समज मिळाली. धाकटीलाही, त्या दोन रात्रींसाठी. दोन सिस्टर कमी पडतात या ओळीवर काहीच निर्णय झाला नाही. ती बाब वरच्यांच्या विचाराधीन आहे असं उत्तर आलं. हे मला जाचतं. जिच्या हातात पेन होतं तिला समज मिळते, आणि जिथे माणसं कमी पडली तिथे विचार चालू राहतो. धैर्याने सत्य लिहिलं की व्यवस्था सुधारते असं मी कुणाला सांगणार नाही.

धाकटीला सलग सहा आठवडे रात्रपाळी लागली. शिक्षा असं कुणी म्हटलं नाही. ड्यूटी रूममध्ये ती शिरली की बोलणं थांबायचं. एकदा तिच्या लॉकरवर कुणीतरी चिठ्ठी लावली, "18". रविवारी थोरली तिच्या बाकावरून उठून मागे बसायला लागली, आणि पाळकसाहेबांना काही माहीत नसल्यामुळे ते दोघींना एकत्र सुवार्तेच्या कामाला नेमत राहिले.

तेराव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत थॉमस अक्वायनस याने म्हटलंय की धैर्याचं मुख्य काम चढाई करणं नाही, टिकून राहणं आहे. तरुणपणी मला हे मिळमिळीत वाटायचं. आता वाटतं, साडेदहाचं वाक्य बोलायला एक मिनिट लागलं. धैर्य लागलं ते त्या सहा आठवड्यांना. रोज रात्री त्याच दारातून आत जायचं, ज्या सिस्टरने आपल्याकडे पाठ फिरवली तिला वेळेवर चार्ज द्यायचा, तिच्या पेशंटला पाणी हवं असेल तर उठायचं. चिठ्ठी तिने काढून खिशात ठेवली. कुणी लावली ते शोधलं नाही. मला राग आला होता. तिला तो आला नाही असं मी म्हणणार नाही, ती फोनवर रडली होती. मी यावेळी तिला काही सांगितलं नाही. ऐकत राहिले, आणि शेवटी तिच्यासोबत प्रार्थना केली.

सातव्या आठवड्यात ड्यूटीच्या तक्त्यात दोघींची रात्रपाळी एकत्र आली. कुणी मुद्दाम लावली की योगायोग, माहीत नाही. धाकटी घाबरत गेली. रात्रभर कामापुरतं बोलणं झालं. 2 वाजता थोरलीने टेबलावरचे चार्ट उचलले, अर्धे तिच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "डावी बाजू तू घे."

धाकटीने पहिल्या खाटेपाशी उभं राहून घड्याळाकडे बघायला सुरुवात केली. पलीकडच्या ओळीत, मंद दिव्याखाली, थोरली एका झोपलेल्या पेशंटच्या छातीकडे बघत उभी होती. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.